वैनींची पॉलिसी, माझा फ्लेक्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या शुक्रवार पेठेत तर सांगायची सोयच नाही – एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात शिंकतात. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्येच थांबलो तर जरा दम धरा. मी मुळात भित्रा माणूस आहे.

तर – कुठून सुरू करू? फ्लेक्सपासून करतो, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. माझ्यापेक्षा मोठा. कुणाच्या तरी लग्नात बुंदीचा लाडू उचलताना काढलेला फोटो. लाडू तेवढा पुसून टाकला होता, त्यामुळे मी रस्त्यावरच्या लोकांना आशीर्वाद देतोय असं वाटायचं. खाली मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले चेहरे. आणि वर ठळक अक्षरात – 'भावासाठी बाग विकणारा भाऊ, बसवराज'.

बाग मी विकलेली नाही. ती अजून सांगोल्याला आहे. यंदा डाळिंबं बरी लागलीत.

नाही, असं अर्धवट सांगून कसं चालेल?

अण्णा माझा थोरला भाऊ. त्याचं भांड्यांचं दुकान आहे. मी धाकटा, बिनलग्नाचा, त्याच्याच घरात वरच्या खोलीत राहणारा आणि दोन्ही वेळा वैनींच्या हातचं जेवणारा. मी सोड्याची गाडी काढून पाहिली, झेरॉक्सचं दुकान काढून पाहिलं, कुलर भाड्याने देऊन पाहिले. सगळं बुडालं. वाटणीत आलेली बाग तेवढी तरली, कारण ती दुसऱ्याने कसायला घेतली होती. अण्णा मला 'बस्या' म्हणायचा, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचाही नाही.

वैनी घरी शेंगाचटणी कुटून विकतात. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनी जेवताना हेल्थ इन्शुरन्सचा विषय काढला होता. अण्णा ताटावरून उठला. "आजाराला ॲडव्हान्स देऊन बोलवायलीस व्हय?" म्हणाला. मीही हसलो. अण्णाच्या बाजूने हसलं की दुसरी भाकरी निर्धास्त खाता यायची. वैनींनी चटणीच्या पैशातून गुपचूप अण्णाच्या आणि स्वतःच्या नावे पॉलिसी काढली. दरवर्षी हप्ता भरत राहिल्या. मला हे कळलं ते थेट दवाखान्यात.

कारण अण्णाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, नव्या पद्धतीचं रेडिएशन द्यायला हवं – रोज आधी आतला फोटो काढायचा आणि मग किरण नेमके त्या जागेवर सोडायचे, शेजारच्या मूत्राशयाला शक्य तितका कमी त्रास. आमच्याकडे त्याला सगळे 'शेक' म्हणतात. शेक म्हटलं की विटकर तापवून फडक्यात गुंडाळल्यासारखं वाटतं. खर्चाचा आकडा ऐकला तेव्हा मी बसलेलो होतो, हे नशीब.

वैनींनी पिशवीतून पॉलिसीचं कार्ड काढलं. कंपनीने कळवलं, साध्या मशीनचे पैसे देऊ, या मशीनचे नाही. मग वैनी दवाखान्यातल्या इन्शुरन्सच्या खिडकीसमोर जाऊन बसल्या, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन. आतल्या मुलाला म्हणाल्या, "साध्या मशीननं शेजारचं भाजलं, तर ते तुमचं साहेब भरून देणार हायत का? तसं लिहून द्या की मग!" डॉक्टरांकडे गेल्या, हेच मशीन का पाहिजे ते त्यांच्याकडून लिहून आणलं, परत खिडकीवर. परत कंपनीचा फोन, परत डॉक्टर. दुपार झाली तेव्हा त्या मुलाला डब्यातली भाकरी दिली आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून फोन लावून घेतला.

मी काय करत होतो? मी त्यांची पिशवी धरली होती. आणि चहा पीत होतो.

संध्याकाळी मंजुरी आली. वैनींनी पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, वर जाऊन सांगा, पैशाची सोय झाली म्हणून. पॉलिसीचं नाव काढू नका, न्हाईतर हे असंच उठून घरी जातील. बरं वाटल्यावर सांगू की."

मी वर गेलो. सांगितलं. अण्णा बाकावर बसला होता, एकदम लहान दिसत होता. म्हणाला, "कुणी केली सोय?"

मी खाली बघितलं. आमच्या घरात खाली बघणं म्हणजे होकार. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून नजर खाली – नाही, हेही खोटं. चप्पल नवीन होती.

"बाग विकलीस व्हय रे?" तो म्हणाला. मी 'नाही' म्हणालो नाही. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. कान धरण्यासाठी त्याने मला बऱ्याचदा धरलं होतं, हात कधी धरले नव्हते. मला ते आवडलं. खूप आवडलं. तुम्हाला खरं सांगायचं तर मला त्या वेळी वैनींची आठवणसुद्धा झाली नाही.

तुम्ही विचाराल, सह्या करताना अण्णाला कळलं कसं नाही? अण्णा कागद वाचत नाही. बोट ठेवाल तिथे सही करतो आणि मग सही कशी आली ते लांबून बघतो.

शेक संपले, रिपोर्ट चांगले आले, आणि बस्याचा बसवराज झाला. मी खोलीत शिरलो की अण्णा पलंगावर सरकून जागा करायचा. दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचा. मला मात्र स्वतःच्याच बागेत चोरासारखं जावं लागायचं – माळशिरसला मित्राकडे जातो म्हणायचं आणि सांगोल्याची एसटी धरायची. एकदा मोह आवरला नाही, पिशवीभर डाळिंबं आणली. बागेच्या नव्या मालकाने प्रेमाने दिली, असं सांगितलं. "किती सज्जन माणूस!" अण्णा म्हणाला आणि त्या सज्जन माणसासाठी वैनींना डबाभर चटणी द्यायला लावली. पुढच्या खेपेला ती मीच एसटीत बसून खाल्ली. चांगली झाली होती.

मग चौकात तो फ्लेक्स लागला आणि मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. मंडळाच्या पोरांनी ओवाळायला कुणाला बोलवावं? वैनींना. जिने नवऱ्याचा जीव वाचवला तिनेच माझ्यासमोर निरांजन धरलं. मी डोळे मिटून घेतले. कुंकू लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, "डोळं उघडा भावजी. फोटो काढायलेत."

त्या रात्री जिन्यात त्यांनी मला गाठलं. "आता सांगून टाका की. मी सांगितलं तर विचारल्याशिवाय पॉलिसी काढली म्हणून भांडण हुईल. तुमी सांगितलं तर हसतील." मी म्हणालो, "बघतो." पुढेही त्यांनी एकदा विचारलं. मी पुन्हा "बघतो" म्हणालो. मग त्यांनी विचारणं सोडलं.

फ्लेक्स उतरवल्यावर वैनींनी तो गच्चीवर अंथरला. चांगला जाड होता. त्यावर त्या मिरच्या वाळवतात. दुपारी कपडे काढायला वर गेलो की मला माझंच तोंड दिसतं, गळ्यापासून कपाळापर्यंत मिरच्यांनी भरलेलं, आशीर्वाद देणारा हात तेवढा मोकळा. अण्णा खुर्ची टाकून पाखरं हाकत बसतो आणि वैनींना बजावतो, "त्याच्या तोंडावर पाय दिऊ नगंस."

हे सगळं हसण्यासारखं आहे, मलाही कळतं. मला जे सांगायचंय ते हे नाही. ते आता सांगतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही तिघं जेवत होतो. वैनींचा खांदा कुटून कुटून दुखत होता, वाढताना हात वर जात नव्हता. अण्णा काळजीनेच बोलला, पण बोलला ते असं – "बंद कर आता ती चटणी. जलमभर कुटलीस, काय उपेग झाला? येळ आली तवा माझा भाऊच कामाला आला."

वैनींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तवा तापला की नाही बघतात, तसं. चटणी बंद म्हणजे हप्ता बंद, हे त्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्या थांबल्या. चांगल्या थांबल्या. मी तोंडाकडे बोट दाखवलं – तोंडात घास आहे, असं.

अण्णाचं जेवण झालं, तो हात धुवायला उठला. वैनींनी दुखऱ्या हाताने माझ्या ताटात चटणी वाढली. मी खाल्ली.

त्यांनी चटणी बंद केली. खलबत्ता धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवायला माझ्याच हातात दिला.

तोंडात घास होता, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. घास लहान होता.