दोन दीपगृहांचं बेट

शेजारच्या साहेबांनी मला फसवलं. दीपगृह खात्यातून निवृत्त होऊन ते शहरातच, बालीगंज भागात, आमच्या मजल्यावर राहिले. रोज सकाळी मासळीबाजारात मी त्यांच्यासाठी भाव पाडायचो आणि ते पिशवी पोटाशी धरून दोन पावलं मागे उभे राहायचे. परतताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून दम घेत एकेक वाक्य बोलायचे. "समुद्रात आत एक बेट आहे, त्यावर दोन दीपगृहं. एकापासून दुसऱ्यापर्यंत दिवसभर चालायचं. वाळू लाल खेकड्यांनी भरलेली, पाणथळीत नुसती पाखरं. या हिवाळ्यात तुम्हाला नेतो."

असे तीन हिवाळे मी नवे बूट पुसत काढले. परवा ते एकटेच जाऊन आले.

"मला का नाही नेलंत?" मी जिन्यातच ओरडलो.

"हे असं ओरडता म्हणून," ते हळूच म्हणाले. "अहो, तुम्ही होडीवाल्याशीच भांडला असता. पाखरं उडाली असती." आणि दार लावून घेतलं.

त्या वाळूवर मी दिवसभर ब्रसुद्धा काढला नसता. तिथे मला कशाचा भाव करायचा होता? साहेब, बाजारात रोज तुमच्यासाठी झिजलेल्या या तोंडाची तुम्हाला लाज वाटत होती का? दार उघडा आणि उत्तर द्या.