पत्र्यामागचा कापूस

मोताळ्याजवळचं ते धरण नवं होतं आणि कामगारांची घरं अजून कागदावरच होती. माझे यजमान तिथं सरकारी बोट चालवायचे. बोटीवरची पत्र्याची खोली हाच आमचा संसार: ते, मी आणि आमची लहानगी मुलगी. देऊळघाटला सासरी राहायला परत जायचं नाही, असं मी ठाम ठरवलं होतं. पहिल्यांदाच माझी चूल माझ्या हातात आली होती.

उन्हाळ्यात पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. सासूबाईंना कळलं आणि त्या शेतातला शेवटच्या वेचणीचा कापूस, सरकीसकट, बैलगाडीत घालून घेऊन आल्या. आमच्या घरात कान दुखला तरी कापूस आणि भिंत तापली तरी कापूस!

"कापसानं कोनाचं वाईट झालं व?" म्हणाल्या.

पत्रा आणि आतल्या फळ्या यांच्यामध्ये आम्ही तो ठासून भरला. खोली खरंच गार झाली. मी आल्यागेल्याला भिंतीवर हात ठेवायला लावायची.

श्रावणात फळ्यांवर काळे ठिपके उमटले. मी रॉकेलनं पुसले, कडुलिंबाचा धूर केला, उघडीप मिळाली की गोधड्या वाळवल्या. दुसऱ्या दिवशी बुरशी पुन्हा हजर. कुबट वास लुगड्यांत शिरला, भाकरीच्या पिठात शिरला. मग मुलगी खोकू लागली. रडायला लागली की रडणं अर्ध्यावर तुटायचं आणि खोकल्याची उबळ यायची. तिच्या छातीला कान लावायचा, उठायचं, फळ्या घासायच्या, पुन्हा कान लावायचा. मला एका जागी बसवत नव्हतं. यजमान म्हणाले, "काही दिवस पोरीले देऊळघाटले धाडून देऊ काय?" मी फणकारले, "तुम्ही तुमची बोट पाहा."

शेवटी सासूबाईच आल्या. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीला कान लावला.

"हिले मी घेऊन जातो."

"काऊन? मी मेली काय?"

"तू नाही मेली. पोरीची छाती वाजून राह्यली, ते आयक."

पोरीला कडेवर घेऊन त्या एस.टी.च्या रस्त्याला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

त्या पाठमोऱ्या असतानाच मी पहार घेतली आणि पहिली फळी उचकटली. आतला कापूस काळा, ओलागच्च झालेला. आणि त्यात सरकीला मोड आले होते, चांगले बोटभर लांब! शेतात इतक्या जोमानं कधी उगवला नसेल. यजमान हसायला लागले, मग माझं तोंड बघून दुसरी फळी काढू लागले.

सगळा कापूस आम्ही काठावर नेऊन टाकला. पत्रा खरवडला, सोड्यानं धुतला, चुना फासला. वारा आरपार जावा म्हणून दाराच्या समोरच्या बाजूला खिडकी कापली. उन्हासाठी छतावर बाहेरूनच पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांचा मांडव घातला. तरी माझं समाधान होईना. रोज कोपऱ्याकोपऱ्यात नाक घालून वास घ्यायची.

दसऱ्यानंतर सासूबाई मुलीला घेऊन आल्या. त्यांनीही प्रत्येक कोपरा हुंगला, पत्र्यावरून हात फिरवला आणि पोर माझ्याकडं दिली. त्या निघाल्या तशी तिनं हंबरडा फोडला.

"आजीऽऽ! मले ने!"

माझ्या हातातून निसटायला बघत होती, माझ्या तोंडावर बुक्क्या मारत होती. माझ्या काळजाचं पाणी झालं. पण रडणं कुठं तुटत नव्हतं. भरल्या दमानं रडत होती, एकदाही खोकली नाही. मी तिला गप्प केलं नाही. ऐकत बसले.