या खडकात पाणी नाही

मी आयुष्यात बरंच लिहिलं. त्यातलं बहुतेक विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या वाळवीने वाचलं असावं. एकच वाक्य असं निघालं, की ते माणसांनी वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि महिनाभरात त्याप्रमाणे कामही केलं. ते वाक्य होतं, 'या खडकात पाण्याचं प्रमाण नगण्य आहे.'

ते आजही खरं आहे. प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं तर पुन्हा तेच उत्तर येईल. खोटं असतं तर एव्हाना मी ते विसरलो असतो.

साक्रीच्या बाजूला बसने जाताना शेतांमधून काळ्या भिंती दिसतात. कोसभर सरळ जातात, मध्येच जमिनीत बुडतात, पुढे पुन्हा वर येतात. नवख्याला वाटतं, एखाद्या किल्ल्याचा तट पडून राहिलाय. एका पुढाऱ्याने तर भाषणात त्यांचा संबंध आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाशी लावला होता. पराक्रम असलाच तर तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, खालून रस चढला आणि काही ठिकाणी वाटेतच गोठला. भेगेच्या कडेला गार खडक होता, तिथे तो झटकन थिजला. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. मधोमध सावकाश निवला. तिथे फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या आणि पायरॉक्सिनचे काळपट दाणे एकमेकांत विणलेले दिसतात. हा डोलेराइट. आजूबाजूचा बेसॉल्ट झिजून गेला आणि ही पाचर उभी राहिली. पुस्तकात तिला डाइक म्हणतात, गावात भिंत. गावाचं म्हणणं जास्त नेमकं होतं, हे मला उशिरा कळलं.

जळगावच्या कॉलेजात शिकवत होतो तेव्हा उन्हाळ्याच्या कितीतरी सुट्ट्या मी अशा एका भिंतीवर घालवल्या. वर पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांपैकी कोणत्या थराला या भेगेने रस पुरवला, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी दगडातलं टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मोजायचं आणि थरांशी ताडून पाहायचं. या कामाचा पहिला नियम असा, की दगड ताजा हवा. हातोड्याने फोडायचा, वरचं तांबूस कवच काढून टाकायचं आणि आतला काळा गाभा तेवढा पिशवीत भरायचा. कवच म्हणजे पाण्याने बिघडवलेला दगड. थोडक्यात, ज्याला ज्याला पाणी लागलं होतं ते ते मी वर्षानुवर्षं काळजीपूर्वक फेकून देत होतो.

पिशव्या वाहायला आबा असायचे. भिंतीच्या दक्षिणेला, अगदी तिला लागून त्यांचं शेत आणि शेतात विहीर. वैशाखात इतर विहिरी आटल्या की अर्धं गाव तिथे पाणी भरायला यायचं. मी त्यांच्या ओट्यावर जेवायचो, झोपायचो. "सर, पगार सरकार देस आन् दगड आमना लई जातस," असं ते दर वर्षी एकदा तरी म्हणायचे, आणि पिशवी डोक्यावर घेऊन पुढे निघायचे.

दगडाची भुकटी खूप तापवली की तिचं वजन किती घटतं, त्यावरून आत किती पाणी धरलंय ते समजतं. आमच्या भिंतीच्या गाभ्यात जवळजवळ काहीच घट नव्हती. इतका ताजा दगड मिळाल्याचा मला अभिमान होता. मी तो परिषदांमध्ये मिरवलासुद्धा.

पुढे रस्त्याचं काम निघालं. खडी हवी होती आणि भिंत आयती उभी होती. ग्रामसभेत आबांनी एकट्याने हरकत घेतली: भिंत फोडली तर विहीर जाईल. सरपंचांनी त्यांची थट्टा केली, की आबा, भिंत काय तुमची सोयरी आहे का? लोक हसले. मग कोणीतरी तज्ज्ञाचं मत घ्यावं असं सुचवलं, आणि माझं नाव आबांनीच पुढे केलं. सर म्हणतील ते मला मान्य, भिंत त्यांना आतून माहीत आहे, असं ते म्हणाले. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

माझ्याकडे ग्रामपंचायतीचं पत्र आलं. पत्रात मला 'ज्येष्ठ भूवैज्ञानिक' म्हटलं होतं. मोठेपणाची मी इतरांच्या बाबतीत बरीच टिंगल केली आहे, पण ते दोन शब्द मी दोनदा वाचले. प्रश्न एकच होता: सदर खडकात पाण्याचा साठा आहे काय? मी गावाला गेलो नाही. जायची गरज वाटली नाही. आकडे कपाटात होते. टेबलाशी बसून अर्ध्या तासात उत्तर लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला.

खडी फोडायच्या क्रशरच्या उद्घाटनाला मला शाल आणि श्रीफळ मिळालं. तिथे बसवलेली कोनशिला काळी, चकचकीत होती. कंत्राटदाराने ती ग्रॅनाइटची असल्याचं सांगितलं. ती ग्रॅनाइट नव्हती, आमच्या भिंतीचं भावंडच होती. दगडाच्या बाजारात कुठल्याही गुळगुळीत काळ्या दगडाला ग्रॅनाइटच म्हणतात. मी शेजारच्या माणसाला हे सांगितलं आणि स्वतःच्या चोखंदळपणावर खूश झालो. आबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला.

त्या पावसाळ्यानंतर सरपंचांनी फोनवर एक फोटो पाठवला. भिंतीला मोठं खिंडार पडलं होतं, जमिनीखाली दोन पुरुष खोल, आणि त्याच्या दक्षिण बाजूने पाणी झिरपत होतं. गावाने तिथे नारळ फोडला होता. 'सर, दगडातून पाणी आलं,' असं खाली लिहिलं होतं.

मी स्टाफरूममध्ये होतो. फोटो पाहिला आणि हातातला चहा खाली ठेवला. ते पाणी दगडातलं नव्हतं. दक्षिणेच्या डोंगरांकडून कुजक्या बेसॉल्टमधून जमिनीखाली उतरणारं पाणी या भिंतीपाशी येऊन अडत होतं, तुंबत होतं, आणि त्या तुंबलेल्या पाण्यात आबांची विहीर होती. भिंतीत पाणी नव्हतं म्हणूनच तर ती पाणी अडवत होती. ही आकृती मी दर वर्षी फळ्यावर काढत असे. फक्त भूजलाचा पेपर वेगळा होता आणि भूरसायनाचा वेगळा, आणि माझ्या डोक्यातही ते वेगवेगळ्या वर्गांत बसत होते.

महाशिवरात्रीपर्यंत विहिरीत गाळ उरला. मला हे कळत होतं, तरी मी गेलो नाही. पण ती विहीर जळगावात माझ्याकडे येऊ लागली. वर्गात खडकांची नावं सांगताना मध्येच तळातून कोणीतरी रिकामी बादली ओढतंय असा खडखडाट ऐकू यायचा आणि मी थांबायचो. मुलं वाट पाहायची. त्यांना वाटायचं, सर आठवतायत. ते खरंच होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो. आमच्या खानदेशात या सणाला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरून ठेवतात, वर आंबा, डांगर म्हणजे खरबूज. आबांची बायको मागच्या हिवाळ्यात वारली होती. तिची ही पहिली घागर. मी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती आणि आबा रिकामी घागर घेऊन ओट्यावर बसले होते. सून म्हणाली, टँकर अजून आला नाही. खिंडारातून गरम वारा घरापर्यंत येत होता; पूर्वी तो भिंतीपलीकडेच राहायचा.

मी चूक कबूल केली. जरा लांबलचक केली, आकृतीसह. आबांनी ऐकून घेतलं.

"दगडमा पाणी नई शे, हाई मालेबी माहीत व्हतं," ते म्हणाले. "पाणी दगडना मांगे व्हतं."

मी विचारलं, मग माझं उत्तर आल्यावर पुन्हा का बोलला नाहीत?

"तुम्ही लिखं व्हतं ना. माले वाटनं, मालेच कमी समजस."

टँकर आला. गावाने आबांना रांगेत पुढे जाऊ दिलं. त्यांनी घागर भरली, पाण्यात बोटं बुडवून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि घागर आत नेली. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "मी जासू तवय मनी घागरमा कोनतं पाणी भरतीन?"

मी तिथेच बसून नवीन मत लिहिलं: माझं आधीचं उत्तर अपुरं आणि म्हणून घातक होतं, खोदकाम थांबवावं, खिंडार जमिनीखालून चिकणमातीने बुजवावं. सरपंचांनी ते अदबीने घेतलं. या कागदावर शिक्का नाही, असं ते म्हणाले. पुढे क्रशर बंद झाला, तो रस्ता पुरा झाल्यामुळे. खिंडार बुजवायचं कोणाच्याच यादीत नव्हतं.

यंदाच्या होळीनंतर पुन्हा गेलो. आबा बैलगाडीने तळ्यातली काळी माती आणून खिंडारात लोटत होते. एकटेच. सत्तरी कधीच उलटली आहे त्यांची. कमरेइतका ढीग झाला होता. त्यांनी मला विचारलं, "सर, थांबी ना पाणी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण खाली फुटलेल्या दगडांचा जाड थर तसाच पडून होता. पाणी मातीच्या खालून निघून गेलं असतं. आधी तो थर काढून अखंड खडकापर्यंत पोचायला हवं, मग तिथून माती ठोकत वर यायला हवं. मी तसं सांगितलं. या वेळी आत उतरून, पहारीने टोचून, पाहून सांगितलं.

आबांनी ढिगाकडे पाहिलं. मग बैल सोडून सावलीत बांधले, फावडं घेतलं आणि महिनाभर टाकलेली माती बाहेर उपसायला लागले. एकदाही विचारलं नाही, की सर, नक्की ना?