साताऱ्यातली शेवटची अकरा मिनिटं

सामना संपून तासही झाला नव्हता आणि आमच्या गाडीत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, गोल सरळ होता. दुसऱ्याचं म्हणणं, तो गोलकीपरच्या हातातून काढून घेतलेला होता. साताऱ्याच्या टीमला त्यांच्याच मैदानावर एक-शून्यनं हरवून आम्ही सांगलीला परत निघालो होतो. फायनल पक्की झाली होती. एरवी अशा वेळी गाडीचा टप बडवून बडवून ड्रायव्हरला वैताग आणतात आमचे लोक. त्या दिवशी नुसती भांडणं.

खेळाडू पुढच्या गाडीत होते. मागच्या गाडीत आम्ही टीमची माणसं, म्हणजे बहुतेक कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार, आणि त्यांच्यात बाई मी एकटीच. मी सांगलीच्या एका दवाखान्यात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. नवरा फौजेत, लांब उत्तरेत. धाकटा दीर आमच्याकडेच असतो. आठवडाभर लेथवर उभा राहतो आणि रविवारी फुटबॉल खेळतो. त्याच्यामुळे मी सामन्यांना जाऊ लागले आणि नर्स आहे म्हणून मलमपट्टीची पिशवी माझ्या गळ्यात पडली. पुढे पुढे पिशवी नसती तरी गेले असते. सगळे मला वहिनी म्हणतात.

त्या दिवशीचा गोल दिरानंच केला होता. गुडघा सुजला म्हणून तो आमच्या गाडीत, माझ्या शेजारी, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. 

"आरं, ह्यो काय ईजय म्हणायचा का?" अण्णा म्हणाले. अण्णा हळदीचे व्यापारी, सत्तरीकडे झुकलेले, टीमचं सगळं तेच बघतात. "दोनदा त्यांचा बॉल दांडीला लागून परत आला. आपल्या पोरांनी नुसतं कंपाउंडभाईर बॉल मारायचं काम केलं. आन् गोल केला, त्योबी असला. मला न्हाई पटला."

"अण्णा, रेफ्रीनं दिला की न्हाई? दिला!" मागच्या सीटवरून आमच्यातला एक वेल्डर ओरडला. त्याचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा. "म्होरल्या वर्षी कोण इचारतंय कसा झाला त्ये? कागदावर एक-शून्य ऱ्हातंय."

"कीपरच्या हातात बॉल हुता."

"न्हवता! सुटला हुता! मी सोता बघितलं."

"तू त्या टोकाला हुतास, गड्या. तुला काय दिसणार?"

दिसलं फक्त मला होतं. मी त्याच गोलच्या मागे, जाळीपासून दहा पावलांवर उभी होते.

सांगायचं तर असं झालं. सामना संपायला वीसेक मिनिटं होती. आमचा कॉर्नर आला, गोलपुढे नुसती गर्दी, पायांत पाय, धुरळा. त्यांचा गोलकीपर बॉलवर झेपावला. दीर मागून धावत आला होता, त्याला थांबता आलं नाही. त्याचा गुडघा गोलकीपरच्या कानाच्या वर बसला. आवाज मला ऐकू आला. नंतर बॉल दिराच्या नडगीला लागून हळूहळू रेषेच्या आत गेला, इतका हळू की मधे कुणालाही वाकून उचलता आला असता. शिट्टी वाजली. गोल.

गोलकीपर पडून होता. त्यांच्या लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तो उठून बसला, मग उभा राहिला. त्यांच्याकडे बदली कीपर नव्हता. माझ्या खांद्यावर पिशवी होती. मी गेले नाही. त्यांची माणसं आहेत की तिथं, असं मनाशी म्हणाले.

खेळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं तो मागे वळला आणि मला म्हणाला, "ताई, किती झालं?"

"एक-शून्य."

"कुणाचं?"

"आमचं."

त्यानं मान हलवली. चार-पाच मिनिटांनी परत वळला. "ताई, किती झालं?"

तोच आवाज, तसाच प्रश्न. पहिल्यांदाच विचारतोय असा. वॉर्डात ही गोष्ट मी किती वेळा बघितली आहे. डोक्याला मार लागलेला माणूस तेच तेच विचारतो, आणि नवी मुलगी ड्युटीवर असली की मी तिला ओरडून सांगते, डॉक्टरांना बोलाव आधी. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं उरली होती. मी म्हणाले, "एक-शून्य."

त्या अकरा मिनिटांत मी दोन पावलं टाकून रेफ्रीला हाक मारू शकले असते. मारली नाही. त्यांना बदली कीपर नाही, हे मला माहीत होतं.

पाचच्या पुढे उंब्रजजवळ एका ढाब्यावर गाडी थांबवली, कारण अण्णा सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. खेळाडूंची गाडी न थांबता पुढे गेली. अण्णांनी डबा उघडला, बाकीच्यांनी चहा सांगितला, आणि भांडण खाली उतरून टेबलाभोवती बसलं. वेल्डर आता खुशीत आला होता.

"आरं, त्यांचा कीपर लय येडा. सामना सुटल्यावर आपल्या बाकड्यावर यून बसला की! बूट काढायला लागला. मी म्हणलं, पाव्हणं, तुमची माणसं तिकडं हायती. तर माज्याकडं बघून हसला आन् म्हणतोय, हाफटाईम किती मिनिटांचा हाय?"

सगळे हसले. त्यावेळी मी सामान बांधत होते, म्हणून तो आमच्या बाकड्यावर आल्याचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"अण्णा," मी म्हणाले, "त्यांच्या सेक्रेटरीचा नंबर आहे ना तुमच्याकडे? आत्ता लावा."

"काय झालं, वहिनी?"

मी सांगितलं. मार कुठं बसला, त्यानं दोनदा काय विचारलं, डोक्याच्या आत रक्त साठत असलं तर माणूस तासभर बरा दिसतो आणि मग अचानक कोसळतो. 

वेल्डरनंच विचारलं, "मग वहिनी, तुमी तवा का न्हाई बोलला?"

"आपण जिंकत होतो," मी म्हणाले.

दीर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

अण्णांनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि लगेच चढा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, "काय बोलायचंय ते कमिटीपुढं बोला. आम्ही तक्रार देणार आहोत." फोन बंद.

"बघा," एकजण म्हणाला. "त्ये तक्रार देत्याती. आन् आपुन सोताहून सांगायचं, आमच्या माणसानं डोस्क्यात गुडघा घातला? त्ये लिहून घेतील. फायनल गेली मग."

"आन् त्यो मेला तर?" अण्णा म्हणाले.

"मरतोय कशाला? चालत गेला की चांगला."

"चालत गेला म्हणूनच भीती आहे," मी म्हणाले, पण माझं बोलणं तिघाचौघांच्या आवाजात बुडालं. कोण म्हणे दवाखान्याचं नाव काढू नका, नुसती चौकशी करा. कोण म्हणे उद्या सकाळी करू. मी अण्णांच्या हातातून फोन घ्यायला गेले तेवढ्यात दीर उठला. लंगडत आला, त्यानं फोन घेतला आणि परत लावला. समोरून काही बोलायच्या आत हा म्हणाला, "गोल मी केला. माझा गुडघा तुमच्या कीपरच्या डोक्याला लागला. तुमाला काय तक्रार द्यायची ती द्या, मी सही करतो. त्यो आत्ता कुठं हाय, तेवढं सांगा."

बऱ्याच वेळानं दिरानं फोन कानावरून काढला. त्याचा चेहरा उतरला होता.

"लोणंदला निघालाय. घरी. मोटारसायकलवर. एकटाच."

अण्णांनी ताट बाजूला सरकवलं.

सेक्रेटरी आता गोलकीपरला फोन लावत होता, त्याच्या घरी लावत होता, आणि मधे मधे आम्हाला कळवत होता की कीपर उचलत नाही. आम्ही बसून होतो. सातारा-लोणंद रस्त्यावरच्या घाटाचा विषय कुणीतरी बोलता बोलता काढला आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. ऊन टेबलावरून सरकून पलीकडे गेलं. अण्णांच्या डब्यात अजून दोन भाकऱ्या होत्या. सूर्य गेला, तसं त्यांनी झाकण लावलं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. सेक्रेटरी नव्हता, त्यानं आमचा नंबर दिलेला दुसराच माणूस होता, लोणंदच्या रस्त्यावरच्या वाठार स्टेशनचा चहावाला. गोलकीपरचा फोन वाजत होता, तो यानं उचलला होता. मी फोन घेतला.

"बाई, पाव्हणा हितं बाकड्यावर बसलाय. दोनदा ओकला. आन् गाडीची किल्ली हुडकतोय, तर किल्ली त्याच्या हातातच हाय."

"ती किल्ली काढून घ्या," मी म्हणाले. "काहीही झालं तरी गाडीवर बसू देऊ नका. चहा-पाणी काही देऊ नका. कुशीवर निजवा. अँब्युलन्सला फोन करा आणि सांगा, डोक्याला मार आहे, उलटी झालीय. आत्ता करा."

"आवं, त्यो रागावतोय."

"रागावू दे. दोघं मिळून धरा."

मी फोन चालू ठेवायला सांगितला. त्या माणसानं तो तसाच टेबलावर ठेवला असावा. गाड्यांचे आवाज, कुणाची तरी पळापळ, "आरं धर धर," आणि मधेच एक गुरगुरणारा आवाज, मला ओळखीचा. पस्तीसेक मिनिटं मी ते ऐकत उभी होते. अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन दुसऱ्या कानाला लावायचंही मला सुचलं नव्हतं.

बाकीच्यांना सकाळची पाळी होती, ते सांगलीला गेले. मी आणि दीर रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो आणि साताऱ्याकडे जाणारी एसटी धरली. गाडीत तो एवढंच म्हणाला, "मी मुद्दाम न्हाई मारलं, वहिनी."

"मला माहीत आहे. मी बघितलंय."

माझ्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गोलकीपरला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. आम्ही पोचलो तर सेक्रेटरी दारातच होता. आम्हाला बघून जरा गोंधळला, मग आत घेऊन गेला. स्कॅन झाला होता. आत थोडं रक्त होतं, पण ऑपरेशन लागेल असं वाटत नव्हतं. दोन दिवस नजरेखाली ठेवणार होते. गोलकीपरची बायको लोणंदहून आली होती, माझ्यापेक्षा बरीच लहान, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. दिरानं तिला हात जोडले आणि सांगितलं, "माझ्याच गुडघ्यानं लागलं."

"खेळात लागतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी नर्स हाय म्हणं. फोनवर तुमीच बोलला?"

"हो."

"चहावाला सांगत हुता, बाई नसती तर अवघड हुतं म्हणून." ती थोडी थांबली. "पण तुमी तर गोलच्या मागंच हुता म्हणत्यात. तवा तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

खोटं सांगायला जागा होती. धुरळा होता, गर्दी होती.

"दिसलं होतं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो, मग स्टँडवर आलो.

पुढे तक्रार कुणी दिलीच नाही. फायनल आम्ही हरलो. चांगले तीन गोल खाऊन हरलो, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. वाद अजूनही साताऱ्याच्याच गोलवर होतो. कुपवाडच्या चहाच्या गाड्यावर दोन तट अजून तसेच आहेत. मी दिसले की विषय बदलतात.

दर रविवारी मी लोणंदला फोन करायची. बायको उचलायची, "बरं हायती" म्हणायची आणि ठेवायची. पाचव्या की सहाव्या रविवारी त्यानं स्वतः उचलला. डोकं दुखायचं थांबलं होतं, कामावर जायला लागला होता. खेळायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तो मधेच म्हणाला, "ताई, ते ऱ्हाऊ द्या. मला त्या कॉर्नरपासून पुढचं कायबी आठवत न्हाई. आमची पोरं म्हणत्यात, मी बॉल सोडला. मला एवढंच सांगा. सोडला हुता का?"

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही हातांत होता. छातीशी धरला होता. गुडघा बसल्यावर सुटला."

 पलीकडे तो बायकोला ओरडून सांगताना ऐकू आला, "आगं, हातात हुता! त्या ताई म्हणत्यात, हातात हुता!"

रात्री जेवताना मी दिराला हे सांगितलं. सांगायला मी पाच आठवडे घेतले होते. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हंजे गोल न्हवता," तो म्हणाला.

"नव्हता."

त्यानं घास खाल्ला. पाणी प्यायला. मग म्हणाला, उद्या गाड्यावर तो स्वतः सांगेल, मी सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलंही. वेल्डर त्याच्याशी पंधरा दिवस बोलत नव्हता.