खोपीतली स्कूटर

परवा शेजाऱ्यांनी वर्षभर पडून असलेला ग्रासकटर उघडला, शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास आला आणि मला आमची स्कूटर आठवली. कोरोनात घरामागच्या खोपीत उभी केली ती दोन वर्षं तशीच. मग एके सकाळी आमच्या यांनी प्लग घासला, कार्बोरेटरमध्ये काकवीसारखा चिकटा साठलेला तोही धुतला, पण किक मारमारून पाय भरून आले तरी बाई ढिम्म. "थोडा पेट्रोल थेट तेच्या तोंडात वत गो," हे म्हणाले. मी बाटलीतून ओतलं, यांनी किक मारली आणि फाट्कन भडका उडाला. शेजारीच आमचं नवं नायलॉनचं जाळं रचलेलं, होडीचा सगळा हंगाम त्याच्यावर. हे धावले ते मला ओलांडून जाळ्याकडे. पेट्रोलची बाटली माझ्या हातातच होती. ती बाहेर भिरकावली आणि उंबऱ्यावरचं ओलं गोणपाट इंजिनावर टाकलं, तेव्हा आग विझली. हे बाहेर अंगणात जाळं कवटाळून बसलेले. "तुका काय लागला नाय मा?" "आता इचारतास?" मी म्हटलं. हे स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. आम्ही अजून समोरासमोर बसून जेवतो, हसतो, भांडतो. पण मधेच ते धावणं डोळ्यांपुढे येतं आणि माझा घास हातातच राहतो.