लाल काटा घेऊन भिवापूरला

नागपूरच्या सक्करदऱ्याहून उमरेडमार्गे भिवापूरला जायला हल्ली दीड-दोन तास पुरतात. १९८१ च्या जानेवारीत मला पाच तास लागले, आणि त्यातले निम्मे मी बॉनेट उघडून उभा होतो.

कुसुम, माझी बायको, बाळंतपणासाठी भिवापूरला माहेरी होती. लेक तीन महिन्यांची झाली तेव्हा सासऱ्यांचं पत्र आलं, घेऊन जा, पण गाडी धड असेल तरच. नाहीतर दोघी होळीपर्यंत इथंच राहतील. लेकीला मी बारशाला पाहिलं, तेवढंच. माझं मंडप-बिछायतीचं दुकान होतं आणि गाडी म्हणजे बांबू वाहणारी जुनी पेट्रोल पिकअप. मी आठवी नापास. इंजिनाचं मला एवढंच कळे की गरमीचा काटा लाल रेघेवर गेला की थांबायचं.

सकाळी सातला निघालो. दिघोरी मागं पडली आणि काटा लालवर! रेडिएटर पाहिला, पाणी काठोकाठ. अर्धा तास थांबून किल्ली फिरवली, काटा पुन्हा थेट लालवर. तरी भीत भीत पुढं निघालो. असं उमरेडपर्यंत चार वेळा झालं. बसस्टँडसमोर बारा आण्यांचे तर्री-पोहे घेतले, पण निम्मे तसेच टाकून गाडीकडे पळालो. चण्याची ती झणझणीत तर्री मात्र झकास होती. तुम्ही थांबाल तर निवांत खा.

उमरेडच्या पुढं रस्ता अरुंद, पण शेतांत मिरच्या वाळत घातलेल्या. दोन्ही बाजूंना लालच लाल. मला त्या दिवशी तो रंग नको झाला होता.

बारा वाजता पोचलो. लपवता आलं असतं, पण मी दारातच सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींनी जेवू घातलं आणि विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रामाजी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी इंजिनावर हात ठेवला. दोन तासांत ते गार पडलं होतं. मग मला किल्ली फिरवायला लावली. काटा लाल.

"थंड्या इंजिनात लाल? सकाळपासून हेच पाहून राहिले काय, जवाईबापू?"

इंजिनात गरमी ओळखणारा, खिळ्यासारखा एक सेंसर बसवलेला असतो. त्याची वायर मिस्त्रींनी काढली, काटा खाली आला. वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं, काटा पुन्हा लाल. म्हणजे काटा बरा, वायर बरी, सेंसरच खोटं बोलत होता. नवा नागपूरलाच मिळणार. तोवर वायर सोडून चालवा, असं त्यांनी सांगितलं.

मामाजी हलले नाहीत. "अन् रस्त्यात गाडी खरंच तापली, त याले समजन कसं?"

मिस्त्री पुन्हा इंजिनावर वाकले. मीही. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन आल्या.

"तवा तापला हे मले काय काटा सांगते? थेंब टाका. चर्र झाला त थांबा, गुमान राहिला त चाला."

मिस्त्रींनी मान डोलावली.

"ने गा," मामाजी मला म्हणाले. "एवढा भेणारा माणूस पोरीले सांभाळूनच नेईन."

हे कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

मागं मिरचीचं पोतं, पुढं कुसुम, तिच्या मांडीवर लेक आणि पायाशी गडवा. सहा वेळा थांबलो. इंजिनावर थेंब टाकायचा, कान लावायचा. थेंब बिचारा पडून राहायचा. उमरेडला मी तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा खाल्ल्या. पाचव्या वेळी कुसुम आतून म्हणाली, "पीठ मळू काय? भाकरी टाकून घेऊ." लेक तेवढ्यात शिंकली, बहुतेक मिरचीनं. मी मात्र तिला सर्दी झाली म्हणून सक्करदऱ्यापर्यंत घाबरत आलो.

दिवेलागणीला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी नवा सेंसर बसला आणि काटा सरळ वागू लागला. माझा विश्वास काही बसला नाही. पिकअप भंगारात जाईपर्यंत गडवा गाडीतच राहिला.

आता लेक स्वतःची गाडी घेऊन त्याच रस्त्यानं आजोळी जाते. तिच्या गाडीत काट्यांऐवजी दिवे लागतात. ती निघाली की मी पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभा असतो. "बाबा, आता याची गरज नसते," ती दर वेळी सांगते, आणि हात पुढे करते.