मोठ्या घरचे उठेपर्यंत

नेदर कॉम्बली गाव म्हणजे लॅशफर्डांची जहागीरच. शेतं त्यांची, घरं त्यांची, दारांना कोणता हिरवा रंग लावायचा तेही तेच ठरवणार. चर्चच्या भिंतींवर त्यांचे पूर्वज संगमरवरात कोरलेले. गावकऱ्यांचे बाहेर गवताखाली. आणि रविवारची प्रार्थना संपली की लॅशफर्ड मंडळी बाहेर पडेपर्यंत बाकावरून कुणी हलायचं नाही. हा नियम कुणी घातला देव जाणे, पण तो पाळण्यात डॉर्कस पिनॉकचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

डॉर्कस मोठ्या घरची धोबीण. त्यांचे कपडे धुता धुता तिच्या मानेलाही थोडी कडक इस्त्री झाली होती. प्रार्थनेनंतर तिच्या पोरी जरा चुळबुळल्या की ती असा चिमटा काढायची की मांडी काळीनिळी व्हावी.

सुगीच्या सणाच्या रविवारी प्रार्थना संपली आणि तिचा नवरा अमोस तिच्याकडे झुकला. चेहरा पांढराफटक.

"डॉर्कस, छातीत कसंतरी होतंय गं. जरा बाहेर जातो."

"आत्ता? अहो, ते अजून उठले नाहीत!"

"श्वास पुरत नाही."

"सकाळी डुकराच्या मांसावर ताव मारताना बरा पुरला! बसा गुपचूप. लोक काय म्हणतील?"

पुढे थोरले मालक, सर ह्यूबर्ट, पाद्रीबाबांशी सणासाठी मांडलेल्या भोपळ्यांविषयी निवांत बोलत होते. डॉर्कसने अमोसची बाही घट्ट धरून ठेवली. तो बिचारा बसला. जन्मभर बायकोचं ऐकत आलेला माणूस. अखेर मंडळी बाहेर पडली.

"उठा आता," म्हणत तिने बाही सोडली. अमोस बाकावर आडवा झाला तो गेलाच.

दफन झाल्यावर फाटकापाशी लेडी लॅशफर्डनी तिचा हात हातात घेतला.

"अगं, त्याला बरं वाटत नव्हतं तर लगेच बाहेर न्यायचं ना! थांबलात कशासाठी?"

"तुम्ही उठला नव्हतात, बाईसाहेब."

"आम्ही?" त्या खरोखरच गोंधळल्या. "आम्हाला वाटायचं, तुम्हा लोकांना आणखी थोडी प्रार्थना करायची असते. म्हणून तर आम्ही आधी निघतो."

धरणीने पोटात घ्यावं असं डॉर्कसला झालं. पोरी शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघण्याची तिला हिंमत होईना. काहीतरी बोलावं, निदान ओरडावं, असं तिच्या फार मनात आलं. पण तोंडातून निघालं, "उपकार झाले, बाईसाहेब," आणि मुजऱ्यासाठी गुडघे आपोआप वाकले.